खोक्यावरचे पट आणि डोळ्याला दिसणारे पट

नव्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि तो आकडा खोटाही नसतो. ६० मिमी व्यासाचं भिंग, ७०० मिमी नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), सोबत ४ मिमी नाभीय अंतराचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि ३ पटीचा बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग). ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याची तिप्पट ५२५. हिशेब चोख आहे. पण ही जोडणी करून गुरूकडे पाहिलं तर दिसतो एक मोठा, मळकट, थरथरणारा गोळा. पट्टे नाहीत, कडा नाही, आणि पंधरा-वीस सेकंदांत तोही नजरेआड. त्याच दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला की पट उरतात २८. गुरू लहान दिसतो, पण कडा धारदार असते, शेजारी चार चंद्र एका ओळीत असतात आणि नजर जरा स्थिरावली की दोन पट्टेही कळतात. गॅलिलिओने १६१० साली हे चंद्र पाहिले ते साधारण २० पटींवरच.

आयपीस बदलून पट हवे तेवढे करता येतात. दुर्बीण किती बारीक तपशील दाखवू शकते हे मात्र भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाने एकदाच ठरून गेलेलं असतं. पुढचे आकडे २०० मिमी आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉबसोनियनचे (साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीचे) आहेत, कारण आमचं बहुतेक ग्रहदर्शन त्याच दुर्बिणीतून होतं. तुमची दुर्बीण वेगळी असेल तर भागाकार तेवढा बदलून घ्या. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे विशालन. इथे २५ मिमीला ४८ पट, १० मिमीला १२०, ८ मिमीला १५०, ६ मिमीला २००. २ पटीचा बार्लो मध्ये घातला की प्रत्येक आकडा दुप्पट.

किती पट वापरायचे, याचा निवाडा एका छोट्या सूत्रावर होतो. ११६ ला व्यासाने (मिमीमध्ये) भागलं की दुर्बिणीला जेमतेम वेगळे दाखवता येणाऱ्या दोन बिंदूंमधलं अंतर विकलांमध्ये मिळतं (१ अंश म्हणजे ६० कला, १ कला म्हणजे ६० विकला). ६० मिमीला ते १.९ विकला, २०० मिमीला ०.५८ विकला. आता व्यास जितके मिमी, तितकेच पट वापरले तर काय होतं ते पाहा: ६० पटींवर १.९ विकलांचा तपशील डोळ्याला ११६ विकलांएवढा दिसतो, २०० पटींवर ०.५८ विकलांचाही ११६ विकलांएवढाच. म्हणजे जवळजवळ २ कला. निरोगी डोळा १ कलेच्या आसपासचा तपशील कसाबसा ओळखतो, २ कलांचा आरामात. त्यामुळे व्यासाएवढे पट झाले की दुर्बिणीकडे जे आहे ते डोळ्यासमोर आलेलं असतं. व्यासाच्या दुपटीपर्यंत गेलं तर तेच आणखी आरामात दिसतं, आणि त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होत जातो. ६० मिमीच्या भिंगाची मर्यादा म्हणजे फार तर १२० पट. खोक्यावरच्या ५२५ ची गोष्ट इथेच संपते.

व्यासाला पटींनी भागलं की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ४८ पटींवर ४.२ मिमी, २०० वर १ मिमी, ४०० वर अर्धा मिमी. अर्ध्या मिमीच्या आसपास आलं की स्वतःच्या डोळ्यातले तरंगते ठिपके आणि धागे ग्रहावरून फिरताना दिसतात. शिवाय पट दुप्पट केले की तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो. डबाभर रंग चौपट भिंतीवर फासावा तसे गुरूचे फिकट पट्टे आणखी फिके पडतात. माझ्या मते ग्रहांसाठी सगळ्यांत गुणी जाडी १ मिमीच्या आसपास. गुरूला त्याहून थोडी जास्त, शनीला आणि मंगळाला थोडी कमी चालते.

एवढं सगळं कागदावर. आकाशाखाली मात्र आपल्या आणि ग्रहाच्या मध्ये हवा असते आणि अखेरचा शब्द तिचाच. बऱ्याच रात्री हवेच्या थरथरीमुळे प्रतिमा २ ते ३ विकलांपर्यंत पसरते. मग आरसा ०.५८ विकला दाखवू शकतो याला काही अर्थ उरत नाही. अशा रात्री १२०-१५० पट पुरे. शांत रात्री २०० ते २५० सहज चालतात. ३०० च्या वर जाण्यासारख्या रात्री इतक्या कमी असतात की त्यांच्यासाठी मुद्दाम आयपीस घेणं मला तरी पटत नाही.

हवेचा अंदाज दुर्बीण काढण्याआधीच घेता येतो. डोक्यावरचे तारेसुद्धा जोरात लुकलुकत असतील तर ग्रहांसाठी रात्र वाईट, आकाश कितीही काळंभोर असो. उलट हलकं धुरकट, वारा पडलेलं आकाश पुष्कळदा उत्तम निघतं. अंधुक दीर्घिका अशा रात्री दिसणार नाहीत, पण ग्रहांकडे उजेडाची कमतरता नसते. याच कारणाने ग्रह पाहायला शहराचा उजेड आड येत नाही, आणि डोळे अर्धा तास अंधाराला सरावण्याचीही गरज नाही. फार सरावलेल्या डोळ्यांना गुरू नुसता भगभगीत पांढरा दिसतो. जवळ मंद दिवा असला तर पट्ट्यांचा तपकिरी रंग उलट चांगला कळतो.

जागा निवडताना ग्रहाच्या दिशेला काय आहे ते पाहावं. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची किंवा पत्र्याचं छप्पर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं, आणि त्याच्यावरून जाणारी नजर म्हणजे उकळत्या हवेतून पाहणं. माती किंवा गवत लवकर निवतं. ग्रह जितका वर तितका चांगला. क्षितिजापासून ३० अंशांवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, २० अंशांवर जवळजवळ तिप्पट. तिथे ग्रहाची एक कड निळसर आणि दुसरी तांबूस दिसते. तो भिंगाचा दोष समजून लोक दुर्बीण परत करायला निघतात. तासभर थांबून ग्रह वर येऊ द्यावा, रंग आपोआप जातो.

दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवायची. २०० मिमीचा काचेचा आरसा घरातली ऊब घेऊन येतो, आणि तो निवेपर्यंत नळीच्या आत गरम हवेचे लोळ वर चढत राहतात. हा दोष हवेचा की आरशाचा, हे ओळखायची रीत सोपी आहे. एक ठळक तारा घ्यायचा आणि फोकस मुद्दाम बिघडवून त्याची थाळी करायची. थाळीच्या आत सावकाश वळवळणारे, एका बाजूने वर सरकणारे लोळ दिसले तर नळी अजून गरम आहे. पूर्ण थाळीवरून भराभर धावणाऱ्या लहरी दिसल्या तर त्या वरच्या वातावरणातल्या, त्यांना इलाज नाही. आरशामागे छोटा पंखा लावला की निवण्याचा वेळ बराच कमी होतो.

तीच थाळी कॉलिमेशनही, म्हणजे आरसे एका रेषेत जुळले आहेत की नाही हेही, सांगते. मध्ये दुय्यम (नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या) आरशाची गोल काळी सावली असते आणि भोवती वलयं. सावली बरोबर मध्यावर असेल तर आरसे एका रेषेत आहेत. एका बाजूला सरकलेली असेल, तर २०० पटींवर कितीही फोकस फिरवला तरी शनीची कडी सुबक होणार नाहीत. ध्रुवतारा यासाठी सोयीचा, कारण तो जवळजवळ जागेवरच राहतो. आधी प्रमुख आरशामागचे तीन लॉक स्क्रू सैल करायचे, मग समायोजनाचा एकच स्क्रू पाव फेरा फिरवायचा, तारा पुन्हा दृश्याच्या मध्यावर आणायचा आणि थाळी पाहायची. मध्यावर न आणता पाहिलं तर सावली नेहमीच सरकलेली दिसते आणि चांगलं जुळलेलं बिघडवलं जातं. शेवटी लॉक स्क्रू आवळताना आरसा पुन्हा हलतो, म्हणून आवळल्यावर एकदा तपासायचं. आरसे जुळवायला लेसरचा दिवा वापरणारे त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तो फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळीत) बसवून स्वतःभोवती फिरवून पाहा: आरशावरचा लाल ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढू लागला तर लेसरच वाकडा आहे.

फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी जुळवून घ्यावा. दूरचा खांब किंवा मनोऱ्याचं टोक २५ मिमीच्या आयपीसमध्ये मध्यावर आणून फाइंडरची खूण त्याच्यावर बसवायची. हे करताना दुर्बीण सूर्याच्या बाजूला चुकूनही वळता कामा नये. फाइंडरच्या इवल्याशा भिंगातूनसुद्धा डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता ग्रह. सुरुवात नेहमी सगळ्यांत कमी पटींनी. प्लॉसल या साध्या प्रकारच्या आयपीसचं आभासी क्षेत्र (आत डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) ५० अंशांच्या आसपास असतं. त्याला पटींनी भागलं की आकाशाचा किती तुकडा दिसतो ते कळतं. २५ मिमीला १ अंशाहून किंचित जास्त, म्हणजे दोन पूर्ण चंद्र शेजारीशेजारी मावतील एवढा. ६ मिमीला पाव अंश. आकाश सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं, तेव्हा ६ मिमीत ग्रह एका काठावरून दुसऱ्या काठावर मिनिटभरात जातो. मोटर नसलेल्या डॉबसोनियनवर ग्रह पूर्वेच्या काठाशी आणून ठेवायचा, हात काढून घ्यायचा, नळीचं हलणं थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद जाऊ द्यायची आणि तो मधून सरकत असताना पाहायचं. न्यूटोनियनमध्ये (डॉबसोनियनही याच प्रकारची) प्रतिमा उलटी, त्यामुळे नळी कुठे ढकलली की ग्रह कुठे जातो याचा हाताला सराव लागतो. डायगोनल (प्रकाश वळवणारा तिरपा आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत वर-खाली बरोबर पण डावं-उजवं उलट असतं. नकाशाशी ताडताना हे विसरलं की चंद्रांची नावं हमखास चुकतात.

फोकस करताना ग्रहाच्या कडेकडे पाहू नका, गुरूच्या एखाद्या चंद्राकडे पाहा. चंद्र बारीकात बारीक टिंब झाला की फोकस झाला. नीट जुळण्याच्या अलीकडे-पलीकडे दोनदा जाऊन मध्ये थांबायचं. आणि जुळण्याची ठाम जागाच सापडत नसेल, थोडं इकडे काय नि तिकडे काय सारखंच मऊ दिसत असेल, तर पट जास्त झाले आहेत. एक आयपीस मागे या. ग्रह पाहण्याची सगळी शिस्त मला या एका खुणेत दिसते: पट वाढवताना प्रत्येक पायरीवर ‘नवीन काय दिसलं?’ असं विचारायचं. ग्रह नुसता मोठा झाला आणि तपशील तेवढाच राहिला तर आधीची पायरी बरोबर होती.

मोठेपणाबद्दल डोळा फसवतो, हेही इथेच सांगायला हवं. प्रतियुतीच्या (ग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो त्या वेळेच्या) सुमारास गुरू ४५ विकलांच्या आसपास असतो. ४८ पटींवर तो ३६ कलांचा दिसायला हवा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राहून मोठा. पण पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘एवढासाच?’ ५० अंशांच्या काळ्या वर्तुळात तुलनेला दुसरं काही नसतं म्हणून तो चिमुकला वाटतो. आकाशात चंद्र आणि गुरू एकाच वेळी असतील तर एक डोळा आयपीसला आणि दुसरा उघड्या चंद्रावर ठेवून खात्री करून घेता येते. ही युक्ती थोडी कसरतीची आहे, पण जमते.

गुरूवर सगळ्यांत जास्त मजा १२० ते १८० पटींमध्ये. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे मुख्य पट्टे लगेच दिसतात. त्यांच्या कडा सरळ नसून खाचाखोचांच्या आहेत हे कळायला दहा-पंधरा मिनिटं टक लावून बसावं लागतं. हवा मधूनच सेकंदभर थांबते आणि तेवढ्यात एक पट्टा दुभंगलेला दिसतो, एखादी निळसर शेपटी दिसते, मग पुन्हा सगळं मऊ. हे क्षण साठवत जायचं असतं. अर्ध्या मिनिटात डोळा काढून ‘काही दिसत नाही’ म्हणणाऱ्याला खरंच काही दिसलेलं नसतं. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे लाल डाग रात्रभर समोर नसतो. तो मध्यरेषेवर येण्याची वेळ सॉफ्टवेअरमध्ये पाहून ठेवावी. त्याच्या आधी-नंतर पाऊण तास ही पाहण्याची खरी वेळ. चंद्राची सावली गुरूवरून जात असेल तर ती शाईच्या टिंबासारखी काळी दिसते. गॅनिमीडची सावली सगळ्यांत मोठी, तेव्हा पहिल्यांदा तीच शोधावी.

शनीची कडी ३०-४० पटींवरही ओळखू येतात. १५० पटींवर कड्यांची रुंदी डोळ्याला पावणेदोन अंशांची होते. कड्यांमधली काळी कॅसिनीची फट ४,८०० किलोमीटर रुंद असली तरी इथून ती ०.७ विकलांच्या आसपास भरते. म्हणून ती आधी कड्यांच्या दोन टोकांशी दिसते, समोरून नाही. काळी रेषा पांढऱ्यावर असल्यामुळे ती सूत्रातल्या मर्यादेहून लहान दुर्बिणीतही सापडते. मात्र कडी किती कललेली आहेत यावर पुष्कळ अवलंबून आहे. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली आणि कडी रेघेएवढी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत आहेत. २०३२ च्या सुमारास कल सर्वाधिक, साधारण २७ अंश असेल. तोवर ‘माझ्या दुर्बिणीतून फट का दिसत नाही’ याचं उत्तर दुर्बिणीत शोधू नये. शनीला गुरूपेक्षा जास्त पट मानवतात, शांत रात्री २०० ते २५०.

मंगळाच्या बाबतीत तारीख हेच मुख्य साधन. प्रतियुती साधारण २६ महिन्यांनी येते आणि तिच्या आगेमागे जेमतेम दोन महिने ग्रह पाहण्याजोगा मोठा असतो. १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला तो १४ विकलांच्या जरा आत असेल. २०० पटींवर तो सुमारे ४६ कलांचा दिसतो, म्हणजे ध्रुवाची पांढरी टोपी आणि सिर्टिस मेजरसारखे गडद डाग दिसायला पुरेसा. इतर वेळी तो ४-५ विकलांचा भगवा ठिपका. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा ३७ मिनिटांनी मोठा असल्याने एकच डाग समोर यायला दर रात्री साधारण तेवढा उशीर होतो. रोज त्याच वेळी पाहणाऱ्याला ग्रह उलटा फिरतोय असं वाटतं.

शुक्राला पटींची हाव नाही. कोर असताना ४० पट भरपूर, आणि तो संधिप्रकाशात पाहावा. अंधारात त्याचा झगझगाट आकारच खाऊन टाकतो. सकाळचा शुक्र पाहत असाल तर सूर्य उगवायच्या आत नळी दुसरीकडे वळवा. युरेनस ३.७ विकलांचा. २०० पटींवर १२ कलांची हिरवट-निळी टिकली, तपशील काही नाही. तो तारा नाही एवढं कळलं की काम झालं.

आयपीस विकत घेताना सगळे भागाकार आधी कागदावर मांडावेत. २५ आणि १० मिमी दुर्बिणीसोबत येतात. २ पटीचा बार्लो घेतला की त्यांतून ४८, ९६, १२०, २४० मिळतात. मधली १५०-२०० ही पोकळी ८ किंवा ६ मिमीने भरते. २० मिमी घेऊ नका, बार्लोसह तो १० मिमीच होतो. बार्लोचा गुणक छापील आकड्याइतका पक्का नसतो. बार्लोचं भिंग आणि आयपीस यांतलं अंतर वाढलं की पट वाढतात, म्हणून डायगोनलच्या आधी बार्लो लावला तर २ चे सहज ३ च्या जवळ जातात. ८-२४ मिमीचा झूम आयपीस कमी पटींवर अरुंद दिसतो खरा, पण प्रतिमा नेमकी कुठे ढिली पडते हे शिकायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. चष्मेवाल्यांनी एक गोष्ट पाहावी: प्लॉसलमध्ये डोळा ठेवायचं अंतर त्याच्या नाभीय अंतराच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. ६ मिमीला ते ४ मिमी होतं, पापण्या काचेला लागतात. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्म्यासह वापरता येणारे, लांब अंतराचे आयपीस घ्यावेत.

उत्तररात्री प्रतिमा अचानक फिकी पडली तर ढग शोधण्याआधी आयपीसवर तोंडाची वाफ किंवा दव बसलं आहे का ते पाहा. आयपीस खिशात ठेवून गरम करायचा, रुमालाने पुसायचा नाही, कारण धूळ घासली जाऊन लेपावर ओरखडे उठतात. आवरताना आरशावर दव असेल तर झाकण लगेच लावू नका. नळी घरात आडवी ठेवून तोंड उघडं ठेवा, आरसा कोरडा झाल्यावरच झाकण लावा.